मानशीचं दार

पिशवीत अठरा रोपं, कोरगुटाची,
मुळांना अजून चोडणच्या खाजनाचा चिखल.
लेबलावर मी लिहिलं: इनास दायमांव, मानस दोन.
तो पाहत होता. म्हणाला,
"भरती आशिल्ली, तेंय बरोव. सगळें ताचेरच आसा."
म्हणून लिहिलं: भरती.

ताळगावच्या पठारावर आमची प्रयोगशाळा.
खलात द्रव नायट्रोजन ओतला
की पान काचेसारखं वाजतं.
वाटत राहायचं. पान निवलेलंच हवं;
जरा ऊब लागली की त्याचीच विकरं जागी होतात
आणि घरचंच खायला लागतात.

मग पासष्ट अंशांचं पाणी, बफर,
बफरात मीठ.
मोलरच्या हिशेबानं मोजलेलं, पण मीठच.
ज्याच्याशी हे भात इतकी वर्षं भांडत आलं
त्यातच त्याला ऊन ऊन बुडवून
आम्ही विचारणार: सांग, कसं सोसलंस?

क्लोरोफॉर्म घालून नळी खालीवर करायची, हळू,
घाई केली तर धागा तुटतो.
सेंट्रिफ्यूजमधून तीन थर होऊन येतात:
वर पाणी, मध्ये पांढरी साय, तळाला क्लोरोफॉर्म.
वरचं तेवढं उचलायचं, सायीला न शिवता.
मी दोनदा शिवले.
तिसऱ्यांदा थंड अल्कोहोलात ते दिसलं,
जाळ्यातून सुटलेल्या सुतासारखं,
लोंबतं, पांढरं, कशाचंच न वाटणारं.

पण हे सगळं शेत झालं.
मला हवा होता त्यातला एकच बांध.

त्यासाठी दोन प्रायमर, वीस-वीस अक्षरांचे.
एक बांधाच्या या टोकाला बसतो, एक त्या.
मध्ये असेल तेवढंच दुप्पट होतं,
पुन्हा दुप्पट,
पस्तीस फेऱ्या,
बाहेर मोर ओरडत असतात, आत मशीन गुणगुणतं.
मग समुद्री शेवाळाच्या जेलमध्ये वीज सोडायची
आणि दिवे मालवायचे.

शिडी उजळली. बाकी काहीच नाही.

प्रियोळकर मॅडम म्हणाल्या, "दोन अंश खाली घे,"
आणि मीटिंगला गेल्या.
माझं कंत्राट एकतीस मार्चपर्यंत होतं.
दोन अंश. मग आणखी एक.
सव्वीस तारखेला, पावणेनऊला, चौथ्या घरात
एक रेघ.
पुसेन की काय अशा भीतीनं मी श्वास रोखला,
जणू ती काचेवरची वाफ होती.
ब्लेडनं कापून घेतली: नखाएवढी चकती,
शून्य पूर्णांक अठरा ग्रॅम.

अक्षरं वाचून आली, जुळवली.
मुळाच्या पेशीत एक दार बसवणारा जीन.
मीठ रसाबरोबर वर चढू लागलं
की हे दार त्याला वाटेतच मागे ओढतं,
पानापर्यंत जाऊ देत नाही.

रायबंदरहून फेरी धरली.
इनास मानशीवर होता, फळ्यांच्या फटीत काथ्या ठोकत.
मी सांगितलं, हातवारे करून, अर्धं मराठी, अर्धं कोंकणी.
त्यानं हातोडी खाली ठेवली नाही.
पायानं दाराकडे दाखवलं:
भरतीच्या रेट्यानं मिटतं, ओहोटीला आपसूक उघडतं,
कोणी हात लावायचा नाही.
"फळयो कुसपाक दिवच्यो न्हय, इतलेंच."
मग जरा थांबून,
"तुज्या दाराच्यो फळयो कोण बदलता?"

मी फोनवर रेघेचा फोटो दाखवला.
त्यानं डोळे बारीक केले, अंगठ्यानं पडद्यावरचा चिखल पुसला,
चिखल त्याच्याच अंगठ्याचा होता.
पलीकडे, तिसऱ्या मानशीच्या खाली, बांध फुटलेला.
तिथे यंदा कोणी पेरलं नाही.
पाणी स्वच्छ होतं, त्यात आभाळ दिसत होतं,
आणि लहान मासे, पुष्कळ.

नळी वजा वीसच्या फ्रीजमध्ये आहे,
निळा डबा, खण बारा.
परत गेल्यावर पाहिलं,
घाईत लेबलावर
भरती लिहायची राहिली होती.